रब्बी ज्वारीची वाढ आणि जमिनीतील ओल

मोहोळ तालुक्यातील कोरडवाहू रब्बी ज्वारी ही मुख्यतः पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसते. पेरणीनंतर पावसाचा भरवसा नसतो. म्हणून जमिनीत साठलेली ओल पीक केव्हा व कशी खर्च करते, हे शेतकऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे. पिकाच्या अशा अंतर्गत व्यापाराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास पीक-शरीरक्रियाशास्त्र म्हणतात.

ज्वारीच्या अंगी अवर्षण सोसण्याचे काही गुण उपजतच असतात. मुळे खोलवर जातात, पानांवर मेणाचा पातळ थर असतो आणि ताण पडताच पाने गुंडाळून व त्यांवरील सूक्ष्म रंध्रे मिटून पाण्याचा व्यय कमी होतो. स्थानिक ज्वारीतून निवड करून १९३० नंतरच्या दशकात मोहोळ येथे तयार झालेला मालदांडी ३५-१ हा वाण याच गुणांमुळे टिकून राहिला. परंतु रंध्रे मिटली म्हणजे हवेचा प्रवेशही मंदावतो व पानांत अन्न तयार होणे कमी होते. अशा स्थितीत पीक जगते, पण उत्पन्न घटते.

पेरणीनंतर सुमारे एक महिन्याने पोंग्याच्या आत कणसाचा अंकुर धरतो. ५० ते ५५ दिवसांनी पीक पोटरीत येते, तर ७० ते ७५ दिवसांनी फुलोरा येतो. कणसात दाणे किती धरणार, हे बहुतांशी या काळात ठरते. पुढे दाणा भरताना ओल अपुरी पडली, तर रोप ताटात साठविलेले अन्न कणसाकडे वळविते. त्यामुळे ताट कमकुवत होऊन खडखड्या रोगास बळी पडते व पीक लोळते. तेव्हा धान्याबरोबर कडब्याचेही नुकसान होते. अर्थात, दाणा भरेपर्यंत ओल पुरविणे हेच मशागतीचे मुख्य उद्दिष्ट होय.

त्यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

१. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी. उशिराच्या पिकास दाणा भरताना ओल पुरत नाही.

२. वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे निवडावा. हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत मालदांडी ३५-१ किंवा फुले सुचित्रा आणि भारी जमिनीत फुले वसुधा घ्यावा.

३. दोन ओळींत ४५ व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर राखून विरळणी करावी. हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार रोपे राहतात. दाटी झाल्यास ओल कणीस येण्यापूर्वीच संपते.

४. तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. तण निघते, भेगा बुजतात आणि वरच्या भुसभुशीत थरामुळे खालची ओल उडून जात नाही.

५. विहिरीचे पाणी दोन पाळ्यांपुरते असेल, तर पहिली पाळी २८ ते ३० दिवसांनी व दुसरी पोटरीत द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या शिफारशी सांगताना त्यांमागील कारणही शेतकऱ्यांस समजावून द्यावे. कारण पटले म्हणजे पावसाने वेळापत्रक बिघडविले तरी कोणते काम आधी करावयाचे, हे शेतकरी स्वतःच ठरवू शकतो.