गाडीची पूजा झाली, पत्र कुणी वाचलं?

द्राक्षांचे पैसे हाती आले की आमच्या निफाडात कुणाच्या ना कुणाच्या दारात गाडी येतेच. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. आमच्या बचत गटातल्या एकीकडेही अशीच सेकंडहँड गाडी आली. सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा कळलं, की तिचा एक भाग सदोष म्हणून कंपनी केव्हाची फुकट बदलून देत होती. पत्रही आलं होतं, पण पहिल्या मालकाच्या पत्त्यावर! कागदावरचं नाव बदलायचं ‘बघू नंतर’ म्हणून राहिलेलं. तोवर ही बाई लेकरांना घेऊन दोनदा माहेरी जाऊन आली होती.

ऐकलं आणि मला नॅनो आठवली. पावसात स्कूटरवर चाललेलं कुटुंब पाहून रतन टाटांना ही गाडी सुचली होती. २००९ मध्ये ती लाखाच्या घरात आली, तेव्हा किती जणींनी मनातल्या मनात हिशेब मांडला असेल! मग मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेली कोरी नॅनो पेटली. माणसं वेळेवर उतरली म्हणून वाचली. जळती गाडी मात्र सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. गाडी सुरक्षित आहे, वरून बसवलेली विजेची उपकरणं किंवा सायलेन्सरच्या भागावर राहिलेली वस्तू यांमुळे असं झालं, असं कंपनीचं म्हणणं. तरी नोव्हेंबरमध्ये सुमारे ७० हजार गाड्यांना फुकट जादा संरक्षण देऊ केलं. फक्त ‘गाड्या परत मागवल्या’ हे शब्द टाळले. त्या महिन्यात देशभरात अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या.

आग दाखवली यात वावगं काय? दाखवायलाच हवी. पण भीती घरोघर पोचते आणि उपाय आतल्या पानावर राहतो, हे आपलं नेहमीचं दुखणं. आणि जिथे धूर नाही, तिथे बातमीही होत नाही.

आपल्या नाशिकचंच बघा. जुलै २०२१ मध्ये महिंद्राने तिथल्या कारखान्यात २१ जून ते २ जुलैदरम्यान बनलेल्या सहाशेपेक्षा कमी डिझेल गाड्यांची इंजिनं तपासून बदलून देण्याचं जाहीर केलं. कारखान्यात आलेलं इंधन दूषित असल्याचा संशय होता. चूक सांगितली म्हणून नाक कापलं जात नाही. उलट विश्वास वाढतो, असं मला तरी वाटतं. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत मागवायला लावायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे.

मैत्रिणींनो, ‘गाडीचं पुरुष बघतील’ असं म्हणू नका. जुनी गाडी घेतली तर आरसीवर नाव आणि पत्ता आधी बदलून घ्या. चॅसिस नंबर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देऊन विचारा, ‘या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे का?’ तक्रार तोंडी नको. लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. नाहीतर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.

आमच्या मैत्रिणीने परवा नाव बदलून घेतलं, तो भागही फुकट बदलून मिळाला. स्टिअरिंगवर कुणीही असो, मागच्या सीटवर लेकरू मांडीवर घेऊन आपणच तर बसतो ना!