दगड, चुना आणि सोलापूरचे ऊन

सोलापूर महानगरपालिकेची वास्तू म्हणून परिचित असलेले इंद्रभुवन हे मुळात अप्पासाहेब वारद यांचे निवासस्थान होय. विसाव्या शतकाच्या उदयकाळी या धनाढ्य व्यापाऱ्याने ते मोठ्या हौसेने बांधविले, आणि १९६४ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेचा कारभार पुढे तेथून चालू लागला. त्याच्या कमानी, स्तंभ आणि नक्षीकाम यांवर पाहणाराची दृष्टी सहज खिळते. परंतु दगडचुन्याच्या अशा जुन्या घरांचे खरे सामर्थ्य भिंतींच्या पोटात, उष्णता आणि ओल यांच्या अदृश्य व्यवहारात साठलेले असते.

सोलापूरच्या भूमीत सर्वत्र आढळणारा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसापासून घडला. या पाषाणाची भरीव भिंत दीड फूट जाडीची असेल, तर वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे गेला असताही बाहेरच्या उष्णतेला आतील पृष्ठभागापर्यंत पोचण्यास दहा ते बारा तास लागतात, आणि वाटेत तिची तीव्रता इतकी ओसरते की बाह्य पृष्ठभागाच्या तापमानातील दैनिक चढउताराचा जेमतेम विसावा हिस्सा आत उतरतो. दुपारचा हा उरलासुरला ताप मध्यरात्रीच्या सुमारास खोलीत प्रकटतो, तेव्हा उघड्या खिडक्यांतून येणारा गार वारा त्याचा परिहार करतो. गावठाणातील माळवदाच्या घरांत छपरावरील मातीचा जाड थर हेच कार्य बजावतो.

चुन्याचे कार्य याहून सूक्ष्म आहे. चुनखडी भाजून, पाण्याने विझवून, वाळूसह घाणीत मळलेला चुना भिंतीत बसल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषतो आणि पुन्हा चुनखडीचेच रूप धारण करतो. घट्ट बेसॉल्ट पाणी फारसे शोषीत नसल्यामुळे भिंतीतील ओल बाहेर पडते ती मुख्यतः दरजांतील सच्छिद्र चुन्यातून. मजबुतीच्या सद्हेतूने या दरजा सिमेंटने बुजविल्या, की कोंडलेली ओल आत वळते, तिच्यातील क्षार गिलाव्याखाली स्फटिकरूपाने साचतात आणि गिलाव्याचे पोपडे निघू लागतात.

म्हणून जुन्या वास्तूच्या दुरुस्तीची तजवीज करताना पहिली अट चुन्याची असावी आणि चुना मळणाऱ्या गवंड्याच्या ज्ञानाला अभियंत्याच्या ज्ञानाइतकाच मान मिळावा. कारण दर्शनी भाग कितीही उजळला, तरी भिंतीचा हा अंतर्गत व्यवहार खंडित झाल्यास वारशाचे रक्षण झाले असे म्हणता येणार नाही.