वानराच्या पोटातली गाय

चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटली की वाशीम जिल्ह्यातल्या गावोगावची वानरं त्यावर तुटून पडतात. कोंब, कळ्या, देठ, सगळं खातात आणि मग फांदीवर शेपटी सोडून सुस्त बसतात. आपल्याला ती आळशी वाटतात. पण त्यांच्या पोटात तेव्हा खरं काम सुरू झालेलं असतं.

पान पचवणं सोपं नाही. त्यातलं सेल्युलोज फोडणारं विकर माणसाला बनवता येत नाही, गाईलाही नाही. ते जिवाणू बनवतात, म्हणून गाय त्यांना पोटाच्या पुढच्या कप्प्यात पोसते. आपलं काळतोंडं वानरही तेच करतं! त्याचं जठर कप्प्यांचं असतं. तिथे पाला आधी आंबतो, आणि पुढच्या आम्लाच्या भागात ते जिवाणूही पचून जातात. ते जिवाणू फोडायला लायसोझाइम लागतं. आपल्या अश्रूंत असतं तेच, पण गाईच्या जठरात ते आम्लातही टिकेल असं बदललं आहे. 1987 मध्ये शास्त्रज्ञांनी वानराचं लायसोझाइम तपासलं, तर त्यातले काही बदल गाईसारखेच निघाले, तेही त्याच जागी. दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले! मला तरी हे द्रोणागिरी उचलण्याइतकंच अद्भुत वाटतं.

आफ्रिकेतला गोरिलाही पालेखाऊ, पण त्याची तऱ्हा निराळी. 150 किलोंहून जड नर दिवसाला 15-20 किलो हिरवं रिचवतो आणि ते मोठ्या आतड्यात आंबवतो, घोड्यासारखं. त्याचं ते मोठं पोट त्यासाठीच. चावायचे स्नायूही एवढे दांडगे, की त्यांना धरायला कवटीवर हाडाचा उंचवटा असतो. आपलं वानर त्यामानाने सडपातळ. शेपटी अंगाहून लांब, त्यामुळे टिनांवरून उड्या मारताना तोल जात नाही.

तुरीच्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे वानरं खातात, तेव्हा शेतकऱ्याचा राग खोटा नसतो. पण शनिवारी मारुतीच्या देवळापाशी त्यांना बिस्किटं नि शिरा देणं, हे मात्र आपण आपल्या हातानं करतो. गोडाधोडाचं त्या पोटात झपाट्यानं आंबतं, आम्ल वाढतं आणि पाला पचवणारे जिवाणूच अडचणीत येतात. हात जोडा, नारळ फोडा; वानराला मात्र त्याचा पिंपळ खाऊ द्या.