ताप गेला, पण धावायची घाई नको!

चार-पाच दिवस अंथरुणात काढले. अखेर ताप उतरला, तोंडाला चव आली, आईच्या हातची मुगाची खिचडी पोटात गेली आणि सकाळी उठताच तुमची नजर दाराजवळच्या रनिंग शूजवर पडली. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवून झालंय. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मित्रमैत्रिणी रोजचे किलोमीटर टाकताहेत. मग मनात येतं, ‘आज हळूहळू ५ किलोमीटर तरी धावून येऊ.’

जरा थांबा. ताप जाणं आणि शरीर पूर्ण बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जिना चढतानाही धाप का लागते?

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात एक प्रसिद्ध प्रयोग झाला. पाच निरोगी तरुणांना सलग ३ आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं गेलं. त्यानंतर तपासलं, तर जास्तीत जास्त मेहनत करताना ऑक्सिजन वापरण्याची त्यांची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली होती. ३० वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं की इतक्या वर्षांत वयाने जेवढी क्षमता नेली नव्हती, तेवढी त्या ३ आठवड्यांनी नेली होती.

ही तर नुसत्या पडून राहण्याची गोष्ट. आजारात त्यात ताप, कमी जेवण आणि घामावाटे गेलेलं पाणी यांची भर पडते. रक्तातला पाण्याचा अंश कमी झाला, की हृदय दर ठोक्याला कमी रक्त पुढे ढकलतं आणि तेवढ्याच कामासाठी त्याला जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणून धाप लागते. तुम्ही आळशी झालात, असा याचा अर्थ नाही.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, त्या तरुणांची क्षमता सुमारे २ महिन्यांच्या सरावाने परत आली. हरवलेला फिटनेस परत मिळतो, फक्त वेळ द्यावा लागतो.

घाई कुठे महागात पडते?

फ्लू, कोरोना आणि इतर काही व्हायरस कधीकधी हृदयाच्या स्नायूंना सूज आणतात. याला मायोकार्डायटिस म्हणतात. हे क्वचितच घडतं, पण अशा वेळी जोराचा व्यायाम केला तर हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकतं. म्हणूनच हा आजार झालेल्या खेळाडूंना साधारण ३ ते ६ महिने स्पर्धांपासून दूर ठेवतात.

डेंग्यूमध्ये तर ताप उतरण्याची वेळच सर्वात नाजूक असते. त्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत प्लेटलेट घटू शकतात, रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा ‘ताप नाही, म्हणजे बरं वाटतंय’ असं म्हणून जिमला जाऊ नका. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पूर्ण विश्रांतीच घ्या.

दुसऱ्याशी तुलना नको

टेनिसपटू रॉजर फेडररला २००८च्या सुरुवातीला मोनोन्यूक्लिओसिस हा व्हायरल आजार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने यूएस ओपन जिंकलं. स्वीडनच्या रॉबिन सोडरलिंगलाही हाच आजार झाला. जुलै २०११मध्ये मायदेशातली स्पर्धा जिंकल्यावर तो पुन्हा व्यावसायिक सामना खेळूच शकला नाही आणि २०१५मध्ये निवृत्त झाला. आजार एकच, पण दोन शरीरांची कहाणी वेगळी. त्यामुळे ‘शेजारचा तर आठवड्यात धावायला लागला’ हे माप स्वतःला लावू नका.

मग सुरुवात कशी कराल?

नुसतं नाक वाहत असेल, घसा थोडा खवखवत असेल, तर हलकं चालायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा जुलाब असतील, तर विश्रांती घ्या.

कोरोनानंतर व्यायामाकडे परतताना आधी किमान ७ दिवस कोणतंही लक्षण नसावं आणि पुढचे २ आठवडे अगदी हलका व्यायाम करावा, असा सल्ला ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये दिला होता. अंथरुणाला खिळवणाऱ्या कुठल्याही तापानंतर साधारण असाच क्रम ठेवता येईल :

• आधी घरातली कामं आणि जिना धाप न लागता जमू द्या.

• मग १० ते १५ मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत.

• हे काही दिवस सहज जमलं, की वेळ वाढवा. वेग नंतर.

• त्यानंतर १ मिनिट धावा, २ मिनिटं चाला.

• दुसऱ्या दिवशी थकवा जास्त वाटला, तर एक पायरी मागे या.

रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी १ मिनिट नाडी मोजा. ती नेहमीपेक्षा १० ठोक्यांनी जास्त असेल, तर त्या दिवशी सुट्टी घ्या. पाणी, ताक, वरणभात, अंडी किंवा उसळ असा आहार ठेवा आणि झोप पूर्ण घ्या.

व्यायाम करताना छातीत दुखलं, धडधड वाढली, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा फार जास्त दम लागला, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ईसीजीसारख्या साध्या तपासणीतूनही बरंच काही कळतं.

हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू आहे. तापातून उठलेल्या मुलाला स्पोर्ट्स डे आहे म्हणून मैदानात उतरवू नका आणि आजोबांना पहिल्याच दिवशी बागेच्या पाच फेऱ्या मारू देऊ नका.

मॅरेथॉन पुढच्या जानेवारीतही असणार आहे. यंदा ती चुकली तर वाईट वाटेल, हे खरं. पण पुढच्या वर्षी धावण्यासाठी हृदय धडधाकट हवं. शूज राहू द्या दाराजवळ. आज फक्त गच्चीवर एक छोटीशी फेरी मारून या.