पैनगंगेच्या दोन तीरांवरील निष्ठा : कळमनुरी परिसर, १९४७-४८

अमेरिकेच्या यादवी युद्धात केंटकी, मिसूरी, मेरिलँड व डेलावेअर ही राज्ये गुलामगिरी राखूनही संघराज्यात राहिली. लिंकनची १ जानेवारी १८६३ ची मुक्तिघोषणा त्यांना लागू नव्हती. तेव्हा सीमाप्रदेशाची निष्ठा कोणत्या ध्वजाकडे होती एवढेच विचारून भागत नाही. तेथील श्रम कोणाच्या ताब्यात होते, हेही विचारावे लागते. कळमनुरीकडे याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

हा तालुका त्या काळी हैदराबाद संस्थानच्या परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. गंमत अशी की, १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेल्या व १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने दिल्या गेलेल्या या वऱ्हाडावरील नाममात्र स्वामित्व निजामाचेच राहिले होते. त्याच भूमीवर, उमरखेड येथे, निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे सरहद्द शिबिर उभे राहिले. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार. सात हालीस सहा कलदार हा भाव. करोडगिरीचे नाके जाळणे आणि शिंदीची झाडे तोडणे हे या चळवळीचे ठरलेले कार्यक्रम झाले, याचे कारण संस्थानची सत्ता ग्रामस्थांस नाक्यावर व अबकारीतच प्रत्यक्ष भेटत असे.

खरी कोंडी झाली ती वतनदारांची. पाटील-पटवारी वतनाने सरकारचे, तर सोयरिकीने व बाजाराने बहुधा पलीकडच्या तीराचे. सरकारास त्यांच्याकडून लेव्हीचे धान्य हवे; चळवळीस राजीनामा हवा. वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार घातला, परंतु वकिलाची सनद आणि पाटलाचे वतन यांत अंतर आहे. सनद एका माणसाची असते, वतन पिढ्यांचे. राजीनामा न देणाऱ्यास सरसकट राजनिष्ठ ठरविणे म्हणूनच मला उतावीळपणाचे वाटते.

याहून अवघड प्रश्न वतनदाराच्या दारी राबणाऱ्याचा. मराठवाड्यातील सालगडी अमेरिकेतील गुलामासारखा विकला जात नव्हता, हा भेद मोठा आहे. पण उचल फिटेपर्यंत तो मोकळाही नव्हता. संस्थानाने १९३६ साली भगेला करारांविषयी नियम केले. ते मुख्यतः तेलंगणातील ऋणबद्ध मजुरांना उद्देशून होते आणि त्यांचा परिणाम अल्पच झाला. तथापि दलितांच्या शिक्षणासाठी एक कोटीचा निधी निजामाने काढला. डिसेंबर १९४७ मधील लायक अली मंत्रिमंडळात बी. एस. व्यंकटराव यांना स्थान मिळाले. गावातील पाटील हाच काँग्रेसचा आधार होऊ लागला, तर त्याच्या गड्याने त्या ध्वजाखाली का यावे? डॉ. आंबेडकरांनी २७ नोव्हेंबर १९४७ च्या निवेदनात, निजामाची बाजू घेऊन समाजास बट्टा लावू नये, असे बजावले. असे बजावण्याची गरज पडली, यातच त्या आकर्षणाचे बळ दिसते. अमेरिकेहून येथे चित्र उलटे होते : तेथे गुलामाला मुक्तीचे वचन संघराज्याकडून मिळाले, येथे दलितांपुढे पहिले आमिष विलीनीकरणास विरोध करणाऱ्या दरबाराने ठेवले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली व सार्वभौमत्वाचा वाद मिटला. १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने कुळाला संरक्षण दिले. पण सालगडी हा कुळ नव्हता. वेठबिगार नष्ट करणारा केंद्रीय कायदा १९७६ साली झाला. केंटकीने गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीस संमती दिली, तीही त्याच वर्षी.