चौकटीचे रूप आणि संहितेची शुद्धता : लेखनक्रियानिरूपणापासून शैलीपत्रकापर्यंत

१. प्रास्ताविक

प्राचीन मराठी वाङ्मयावरील कोणत्याही प्रबंधात किमान तीन आवाज एकत्र नांदत असतात : मूळ ग्रंथकाराचा, टीकाकाराचा किंवा पूर्वसंपादकाचा, आणि स्वतः अभ्यासकाचा. हे आवाज वाचकास वेगवेगळे ओळखता यावेत म्हणून आपण अवतरण, तळटीप आणि चौकट यांचा आश्रय घेतो. यांपैकी अवतरण व तळटीप यांविषयी संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत सविस्तर चर्चा आढळते. चौकटीचा विचार मात्र सजावटीची बाब समजून टंकलेखकावर सोपविला जातो. चौकटीचे दृश्यरूप हा संहितासंपादनाचाच एक भाग आहे आणि संगणकीय लेखनातील ‘शैलीपत्रक’ या साधनाने तो शिस्तीने हाताळता येतो, एवढे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग निमित्त झाला. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात मूळ ओव्या, त्यांचे पाठभेद आणि विद्यार्थ्याची स्वतःची टिपणे अशा तिन्ही गोष्टी चौकटींत घातल्या होत्या. प्रत्येक चौकट हाताने, त्या त्या वेळच्या लहरीप्रमाणे रंगविलेली होती. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी अक्षरांचा आकार बदलला, तेव्हा निम्म्या चौकटी बदलल्या आणि निम्म्या तशाच राहिल्या. त्या गडबडीत विद्यार्थ्याचे एक टिपण चौकटीबाहेर पडून मूळ ओवीच्या खाली जाऊन बसले. ते ओवीचाच उत्तरार्ध वाटावे, इतके बेमालूम बसले. ज्यास आपण ‘प्रक्षेप’ म्हणतो तो घडताना याचि डोळा पाहावयास मिळाला.

२. पोथीच्या पानावरील व्यवस्था

वडीगोद्री हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गाव. याच जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, आणि गोदावरीच्या वरच्या अंगास एकनाथांचे पैठण. संहिता आणि तिची मांडणी यांचा विचार या दोघांनीही आपापल्या परीने केलेला आहे. म्हणून या परिसरात अध्यापन करणाऱ्याने चौकटीचा इतिहास येथूनच सुरू करणे स्वाभाविक ठरते.

हस्तलिखितांच्या परंपरेत आजच्या अर्थाची चौकट नव्हती; पण तिचे कार्य करणारी व्यवस्था होती. ‘त्रिपाठ’ पद्धतीच्या पोथीत मूळ संहिता पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत, तर टीका तिच्या वर व खाली बारीक अक्षरांत लिहीत. ‘पंचपाठ’ पद्धतीत हीच टीका डाव्या-उजव्या समासांतही पसरे. मूळ कोणते आणि टीका कोणती, हे वाचकास एक अक्षरही वाचण्यापूर्वी स्थानावरून व आकारावरून कळत असे. महत्त्वाचा मजकूर हिंगुळाने वा गेरूने उठावदार करीत, आणि चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून ती झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत तेथूनच आला.

ही व्यवस्था ढिली पडली की काय होते, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ठाऊक आहे. एखाद्या वाचकाने समासात लिहिलेले स्पष्टीकरण पुढील नकलकार मूळ संहितेत घेतो, आणि दोन-तीन पिढ्यांनंतर ते मूळच ठरते. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना एकनाथांनी अखेरीस ग्रंथात नवी ओवी न घालण्याविषयी जो कडक इशारा दिला, त्यामागे हीच चिंता आहे.

३. रामदासांचे शैलीपत्रक

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ हा आहे. हस्ताक्षराचा उपदेश म्हणून तो शाळांतून परिचित आहे. तथापि आजच्या दृष्टीने पाहता, ग्रंथाच्या दृश्यरूपाचे नियम एका ठिकाणी एकत्र सांगणारे ते शैलीपत्रकच होय.

त्यातील तीन नियम प्रस्तुत विषयास विशेष उपयोगी आहेत. पहिला एकरूपतेचा : ग्रंथाच्या आरंभीचे अक्षर आणि अखेरचे अक्षर एकाच घडणीचे दिसले पाहिजे. दुसरा ओळींमधील अंतराचा : वरच्या ओळीचे उकार व लांब अक्षरे खालच्या ओळीस लागू नयेत, यासाठी पान आधी शिशाने आखून घ्यावे. तिसरा समासाचा : पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडून मधेच लिहावे, म्हणजे काळाच्या ओघात कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. याखेरीज, फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकार राखावा, असेही ते बजावतात.

यातील एकही नियम केवळ शोभेसाठी नाही. समास सुंदर दिसतो म्हणून सोडावयाचा नसून मजकुराच्या रक्षणासाठी सोडावयाचा आहे. रूपाचा नियम कार्यातून निघावा, हे सूत्र येथे स्पष्टपणे हाती येते.

४. मुद्रित आवृत्तीतील संकेत

मुद्रणयुगात या सूत्राचे सर्वांत काटेकोर उपयोजन पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत दिसते. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वापासून तिने ठरविलेले दृश्यसंकेत पुढील खंडांनीही पाळले. सिद्ध संहिता वर मोठ्या टंकात, पाठभेद खाली बारीक टंकात. संपादकास ज्या पाठाविषयी पुरेशी खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेषा. संहितेतून वगळलेल्या प्रक्षिप्त ओळी तारांकित क्रमांकाने खाली, आणि दीर्घ प्रक्षेप परिशिष्टात. नागमोडी रेषा येथे अलंकार नाही. ते संपादकाचे विधान आहे. ती पुसली तर विधान पुसले जाते.

५. शैलीपत्रकाचे कार्य

संगणकीय लेखनात दृश्यरूप दोन प्रकारे देता येते. पहिला प्रकार हाताने रंगविण्याचा : चौकट निवडावी, तिला कडा द्यावी, आत रंग भरावा, आणि पुढच्या चौकटीसाठी हे सारे पुन्हा करावे. दुसरा प्रकार नाव देण्याचा : प्रत्येक चौकट कोणत्या प्रकारची आहे एवढेच मजकुरात नोंदवावे, आणि त्या नावाचे रूप कसे असावे हे स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी लिहून ठेवावे. हे ‘एकच ठिकाण’ म्हणजे शैलीपत्रक. शब्दसंस्कारकात (वर्ड, लिबरऑफिस इत्यादींत) परिच्छेदशैलींची यादी हे कार्य करते. जालपृष्ठांसाठी हे काम सीएसएस या नियमभाषेकडे आहे. तिची कल्पना होकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि तिची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मध्ये प्रसृत झाली.

प्राचीन मराठी ग्रंथावरील प्रबंधासाठी पुढील योजना सुचविता येईल. प्रथम ‘चौकट’ नावाची आधारशैली करावी. तीत सर्व चौकटींना समान असलेले गुण नोंदवावेत, म्हणजे बाहेरचा समास, आतली मोकळी जागा आणि ओळींमधील अंतर. मग तिच्यावर आधारलेल्या तीन उपशैली कराव्यात. ‘मूळ ओवी’ : कडा नाही, दोन्ही बाजूंस समास अधिक, अक्षर मुख्य मजकुराएवढेच. ‘पाठभेद’ : वरच्या बाजूस एक बारीक रेषा, अक्षर किंचित लहान. ‘संपादकीय टीप’ : डाव्या बाजूस जाड उभी रेषा. आधारशैलीत केलेला बदल तिन्ही उपशैलींत आपोआप उतरतो. उपशैलीने जे वेगळे सांगितले असेल तेवढेच वेगळे राहते. सीएसएसमध्ये या प्रकारांना ‘वर्ग’ म्हणतात, आणि वर्गाचे नाव देवनागरीतही ठेवता येते. ‘निळी चौकट’ असे नाव मात्र कधीही देऊ नये. उद्या रंग बदलला की नाव खोटे पडेल. नाव कार्याचे असावे, रूपाचे नव्हे.

६. देवनागरीची निकड

तयार नमुन्यांत मिळणाऱ्या चौकटी बहुधा रोमन लिपी समोर ठेवून आखलेल्या असतात. त्या जशाच्या तशा स्वीकारल्यास चार अडचणी येतात.

एक, देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार असतात, आणि खाली उकार व जोडाक्षरांचे भाग लोंबतात. म्हणून ओळींमधील अंतर रोमनपेक्षा अधिक लागते. अक्षराकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर साधारणतः पुरते. चौकटीची वरची कडा अक्षरांना फार जवळ आली तर ती दुसरी शिरोरेषाच भासते.

दोन, रोमन लेखनात भेद दाखविण्यासाठी तिरपा टंक वापरतात. देवनागरीत तशी परंपरा नाही आणि संगणकाने बळेच तिरपी केलेली अक्षरे वाचनास त्रासदायक होतात. भेद टंकाच्या जाडीने वा आकाराने दाखवावा.

तीन, अक्षरांमधील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटण्याचा संभव असतो. अधोरेखनाने उकार झाकले जातात. शीर्षकांसाठी हे दोन्ही उपाय टाळावेत.

चार, चौकटीची उंची ठरीव मापात बांधू नये. मोकळी जागा अक्षराच्या आकाराच्या प्रमाणात सांगावी, म्हणजे अक्षर मोठे केले तरी मजकूर कापला जाणार नाही. मध्यम अक्षराविषयी रामदासांनी दाखविलेली कळकळ येथे प्रत्यक्षात उतरते, कारण वाचक आपल्या दृष्टीप्रमाणे अक्षर वाढवू शकतो.

रंगाविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. आपल्याकडे प्रबंध छायाप्रतींतून फिरतात. छायाप्रतीत फिकट रंग नाहीसा होतो आणि गडद रंग मजकुरास गिळतो. अनेक न्याहाळकही छपाईच्या वेळी पार्श्वभूमीचा रंग गाळतात. म्हणून भेदाचा भार रेषेवर व स्थानावर ठेवावा. रंग असलाच तर सहायक असावा.

७. रूपाची मर्यादा

शैलीपत्रकाने एकरूपता साधते, तरी धोका संपत नाही. मजकूर एका ठिकाणाहून उचलून साध्या मजकुराच्या रूपात दुसरीकडे ठेवला की कडा, रंग, समास सारे गळून पडते. पोथीच्या नकलकाराच्या हातून जे घडत असे, तेच येथे एका क्षणात घडते. म्हणून चौकटीच्या आत, पहिल्याच शब्दांत, ‘संपादकीय टीप’ किंवा ‘पाठभेद’ असे लिहिणे अगत्याचे आहे. रूप झडले तरी हे शब्द झडत नाहीत. जे दृष्टिहीन वाचक संगणकाकडून मजकूर वाचून घेतात, त्यांनाही आवाज बदलल्याची खूण याच शब्दांतून मिळते.

८. निष्कर्ष

(१) चौकट ही सजावट नसून ‘हे कोण बोलत आहे’ या प्रश्नाचे उत्तर आहे.

(२) तिचे रूप प्रत्येक वेळी हाताने न देता कार्यवाचक नावाने शैलीपत्रकात एकदाच निश्चित करावे.

(३) ते रूप देवनागरीच्या घडणीस अनुसरून असावे आणि छायाप्रतीतही टिकणारे असावे.

(४) दृश्यखुणेस शब्दखुणेची जोड द्यावी.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याने पुढे आपला प्रकल्प याच पद्धतीने नव्याने मांडला. त्या कामी त्याचे दोन दिवस गेले आणि त्यातील बहुतेक वेळ चौकटी आखण्यात नव्हे, तर प्रत्येक चौकटीस कोणते नाव द्यावे हे ठरविण्यात गेला. तसे करताना दोन ठिकाणी आपण पूर्वसंपादकाचे मत स्वतःचे म्हणून लिहिले आहे, हे त्याच्या ध्यानात आले. पद्धतीचा खरा लाभ तो हाच.