दोनशे मीटरचं घड्याळ आणि साठ फुटांची विहीर

इंदापूरच्या एका मावसभावाने मागच्या उन्हाळ्यात फोन करून विचारलं, "दादा, घड्याळावर पन्नास मीटर लिहिलंय. आपली विहीर साठ फूट, त्यात पाणी जेमतेम पंचवीस फूट. मग काचेच्या आत वाफ कशी काय धरली?" त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न: "आता त्यापेक्षा सीकोचं ते प्रॉस्पेक्स घेऊ का? त्यावर दोनशे मीटर लिहिलंय."

मी घड्याळजी नाही. माझा पीएचडीचा विषय आहे रबरी सील. म्हणजे पाणी किंवा तेल जिथे जायला नको तिथे ते जाऊ न देणारी रबराची कडी. गावाकडे आपण तिला सरसकट वॉशर म्हणतो, कारखान्यात ओ-रिंग म्हणतात. विहिरीतल्या पाणबुडी मोटारीत जे काम मोठी सील करते, तेच काम घड्याळात केसासारख्या बारीक कड्या करतात. त्यामुळे या प्रश्नाला मला हात घालता येतो.

आधी दुसरा प्रश्न घेऊ. बारामती-इंदापूरच्या टापूत दोनशे मीटर पाणी आहेच कुठे? उजनी धरणाची भिंत पायापासून मोजली तरी छप्पन्न मीटरच्या आसपास आहे. म्हणजे भिगवणपासून पळसदेव, कळाशीपर्यंत पसरलेल्या त्या सगळ्या जलाशयात कुठेही बुडी मारली तरी साठ मीटर भरत नाहीत. नीरा डाव्या कालव्याचं तर नावच नको. तरीही दोनशे मीटरवाल्या घड्याळाला जास्त पैसे मोजायचे, तर ते कशाचे?

सीकोचंच उदाहरण घेतो, कारण तिथे फरक अगदी उघडा दिसतो. १९९६ साली त्यांनी एसकेएक्स ००७ नावाचं घड्याळ काढलं. आटे असलेली चावी, एकाच दिशेने फिरणारी कडा, दोनशे मीटर, आणि तबकडीवर 'डायव्हर्स' हा शब्द. हे घड्याळ जगभर गाजलं. २०१९ मध्ये 'सीको फाइव्ह स्पोर्ट्स' ही मालिका नव्याने आली. त्यातली बरीच घड्याळं लांबून पाहिली तर हुबेहूब त्या जुन्यासारखीच. तोच आकार, तीच फिरती कडा, चार वाजण्याच्या जागी तशीच चावी. पण चावीला आटे नाहीत, ती नुसती दाबून बसते. दोनशेच्या जागी शंभर मीटर. आणि 'डायव्हर्स' शब्द गायब. आतलं यंत्र उलट जुन्यापेक्षा सरस आहे, चावी देता येते, सेकंदकाटा थांबवता येतो. म्हणजे घड्याळ वाईट नाही हो, फक्त ते दुसऱ्या कामाचं आहे. पाणबुड्यांचं काम प्रॉस्पेक्स या वेगळ्या मालिकेकडे ठेवलं. 'प्रॉस्पेक्स' हे नावच 'प्रोफेशनल' आणि 'स्पेसिफिकेशन्स' या दोन शब्दांच्या सांध्यातून आलंय.

नावाचं तसं काही खरं नसतं. आपल्याकडे एचएमटीचं 'पायलट' किती मास्तरांच्या आणि कारखान्यातल्या कारकुनांच्या मनगटावर होतं, त्यातल्या कुणी विमान चालवलं नव्हतं. नावामागे लेखी परीक्षा आहे का, हा खरा मुद्दा.

तर परीक्षा आहे. साध्या जलरोधक घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे मानक, आणि पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५. हे दुसरं पहिल्यांदा १९८२ मध्ये आलं. दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक मीटरच्या आकड्यात नाहीये. साध्या मानकात तयार मालातून नमुने काढून तपासले तरी चालतं. ६४२५ मध्ये पाण्याच्या दाबाची चाचणी प्रत्येक नगाला द्यावी लागते. तुमच्या हातात आलेला नग स्वतः त्या टाकीतून गेलेला असतो. माझ्या मते जास्तीच्या पैशांतला मोठा भाग इथे जातो, आणि जाहिरातीत नेमकं हेच कुणी सांगत नाही.

दाबही लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट देतात. दोनशे मीटर लिहायचं असेल तर अडीचशे मीटरचा दाब, आणि तोही दोन तास. साध्या मानकात लिहिलेल्याच दाबाला दहा मिनिटं. पण मला स्वतःला त्या यादीतली सगळ्यात आवडलेली चाचणी वेगळीच आहे: घड्याळ फक्त तीस सेंटिमीटर पाण्यात पन्नास तास बुडवून ठेवायचं. बादलीभर पाणी! अडीचशे मीटर सोसणाऱ्याला बादलीची काय भीती?

इथे माझा विषय येतो. ओ-रिंग खाचेत थोडी दाबून बसवलेली असते. बाहेरून पाण्याचा दाब आला की तो तिला खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर आणखी रेटतो, आणि ती आणखी घट्ट बसते. म्हणजे दाब वाढला की सीलही आपोआप आवळते, अर्थात एका मर्यादेपर्यंत. उथळ पाण्यात ही मदत मिळत नाही. तिथे कडीला फक्त स्वतःच्या ताणावर, स्वतःच्या लवचीकपणावर उभं राहावं लागतं. कड्यावर बारीक केस असेल, खाचेत ओरखडा असेल, रबर कडक झालं असेल, तर तिथून पाणी हळूहळू, तासातासाने झिरपतं. खोल दाबात निभावलेलं घड्याळ बादलीत नापास होऊ शकतं. आमच्या मोटार दुरुस्तीवाल्यांना हे पुस्तक न वाचता माहीत आहे. भर पाण्यात चाललेली मोटार काही होत नाही, आणि पाणी उतरल्यावर अर्धी बुडालेली पडून राहिली की आत ओल धरते, असं ते सांगतात.

आता मावसभावाचा पहिला प्रश्न. पुष्कळ जण म्हणतात की पन्नास मीटर हा आकडा स्थिर पाण्याचा, सूर मारला की दाब कैक पटींनी वाढतो. हिशोब करून बघू. विहिरीच्या थारोळ्यावरून पाणी नऊ मीटर खाली आहे असं धरा. तुम्ही पाण्याला टेकता तेव्हा वेग साधारण सेकंदाला तेरा मीटर. त्या वेगाने होणारा दाब किती? गंमत म्हणजे तो बरोबर नऊ मीटर खोल पाण्याइतकाच निघतो. जितक्या उंचीवरून उडी, तितक्याच खोलीचा दाब. ऊर्जा तीच, फक्त रूप बदललं. घड्याळाची काच पाण्यावर अगदी सपाट आपटली तर क्षणभर यापेक्षा बराच मोठा धक्का बसतो, हे खरं. पण तो सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरता. हात हलवत पोहण्याने तर अर्धा मीटरसुद्धा वाढत नाही. त्यामुळे नवं, धड असलेलं पन्नास मीटरचं घड्याळ मुटक्याने मरायला नको.

मग काय झालं असेल? त्याला विचारलं तर कळलं, घड्याळ सहा वर्षांचं, सेल दोनदा बदललेला. बहुतेक उत्तर तिथेच आहे. सेल बदलताना मागचं झाकण उघडतं. जुनीच कडी परत बसवली, तीही कोरडी, एखाद्या जागी चिमटून, की घड्याळावर लिहिलेल्या मीटरला काही अर्थ राहत नाही. आणि ती कडी सहा वर्षं दाबलेल्या अवस्थेत बसलेली असते.

आमच्या प्रयोगशाळेत यासाठी एक साधी चाचणी करतात. साडेबारा मिलिमीटर जाडीची रबराची गोटी दोन पट्ट्यांमध्ये साडेनऊ मिलिमीटरपर्यंत दाबायची, भट्टीत गरम ठेवायची, ठरलेल्या तासांनी काढून अर्धा तास मोकळी सोडायची आणि पुन्हा जाडी मोजायची. ती पुन्हा साडेबारा भरत नाही. समजा ११.९ भरली. दाबली होती तीन मिलिमीटर, त्यातली ०.६ परत आलीच नाही. म्हणजे वीस टक्के कायमची गेली. हे वीसचे ऐंशी झाले की कडी दिसायला तिथेच असते, पण भिंतीला रेटत नाही. उष्णता हे सगळं भराभर घडवते. घाम, साबण, तेलकट लोशन त्यात भर घालतात.

आणि आपल्याकडची उष्णता! मे महिन्यात दुपारी दोनला उसाच्या बांधावरून आलेल्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ सहज पंचेचाळीस अंशांना जातं. तसाच तो पंचवीस अंशांच्या विहिरीत उतरला की आतली हवा गार होऊन आक्रसते. दाब सुमारे सहा टक्के पडतो, म्हणजे साठ सेंटिमीटर पाण्याइतकी ओढ आतून लागते. थकलेल्या कडीला एवढं पुरतं. ६४२५ मध्ये याचीही परीक्षा आहे: चाळीस अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं, लगेच पाच अंशांच्या पाण्यात दहा, पुन्हा चाळीसमध्ये दहा. साध्या मानकातही अशी चाचणी आहे, पण तिथे गार पाणी वीस अंशांचं असतं.

बाकी अटी भराभर सांगतो. चुंबकाजवळ ठेवून चालतं का, तीन किलोच्या हातोड्याचा फटका सोसतं का (तो फटका मीटरभरावरून लाकडी फरशीवर पडल्यासारखा असतो), खाऱ्या पाण्यात चोवीस तास राहून गंजतं का, अंधारात पंचवीस सेंटिमीटरवरून वाचता येतं का, वगैरे. फिरत्या कडेबद्दल मात्र थांबायला हवं. ती एकाच दिशेने फिरते, कारण पाणबुड्या तिच्यावर बुडीची वेळ लावतो. पाण्यात कुठे घासून ती चुकून सरकली तर 'जास्त वेळ झालाय' असंच दाखवेल, कमी कधीच नाही. माणूस हवा शिल्लक असताना वर येईल. आता हे काम बहुतेक ठिकाणी मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो आणि घड्याळ जोडीला असतं. पण २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले आणि शोधासाठी एनडीआरएफची पथकं उजनीत उतरली, तेव्हा वेळेचा हिशोब चुकणं म्हणजे काय असतं, हे वेगळं सांगायला नको.

ही मालिका मुळात अशाच माणसांच्या तक्रारीतून घडली. सीकोचं पहिलं पाणबुड्यांचं घड्याळ १९६५ चं, दीडशे मीटरचं. १९६८ मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या कुरे गावच्या एका पाणबुड्याने कंपनीला पत्र लिहिलं की खूप खोल, हेलियमच्या हवेत राहून आम्ही काम करतो तेव्हा घड्याळं टिकत नाहीत. सात वर्षं खपून १९७५ मध्ये सहाशे मीटरचं टायटॅनियमचं घड्याळ निघालं. हेलियमचा अणू इतका बारीक की तो रबरातूनच आत शिरतो आणि वर येताना काच उडवतो. इतर काही कंपन्यांनी तो बाहेर सोडायला झडप लावली. सीकोने इंग्रजी 'एल'च्या आकाराची कडी करून त्याला आतच येऊ दिलं नाही. रबराच्या आकाराने सुटलेला प्रश्न, म्हणून मला त्याचं जरा जास्तच कौतुक.

मावसभावाला मी काय सांगितलं? प्रॉस्पेक्स आवडत असेल तर हौसेने घे, पण विहिरीसाठी म्हणून घेऊ नकोस. शंभर मीटरचं साधं घड्याळ, दर सेल बदलताना नवीन कड्या, आणि दाब तपासायचं यंत्र असलेलं दुकान, एवढ्यात काम भागतं. आणि दहा वर्षं न उघडलेलं प्रॉस्पेक्स हे नव्या पन्नास मीटरवाल्यापेक्षा कच्चं असू शकतं, कारण परीक्षा नव्या कडीने दिली होती, आजच्या नाही.

एक चाचणी तर घरीच होते, आणि ती मानकातलीच आहे. तिथे घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या तव्यावर ठेवतात, आपल्याकडे अंगणातलं ऊन पुरे. घड्याळ चांगलं कोमट झालं की काचेवर माठातल्या पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभराने पुसून काढा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर ओल आधीच आत आहे. मग चावी ओढून उन्हात वाळवत बसू नका, आतल्या तेलाची वाट लागते. सरळ दुकानात न्या, आणि झाकण उघडल्यावर जुनी कडी तळहातावर मागून घ्या. बोटाने दाबून बघा, परत फुगते का ते.